पुढच्या साथीआधी छोट्या धंद्याचा हिशेब समजून घ्या : शासनाला खुले पत्र

प्रति,
मा. प्रधान सचिव, उद्योग विभाग,
राज्य आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण,
सर्व जिल्हाधिकारी व महापालिका आयुक्त,
महाराष्ट्र राज्य

विषय : साथीच्या काळात छोटा धंदा कशावर टिकतो, आणि त्यानुसार पुढच्या आदेशांत काय बदलावे

महोदय, महोदया,

छोट्या दुकानदारांचे, कारखानदारांचे आणि खानावळवाल्यांचे हिशेब लिहिणे, जीएसटीची विवरणपत्रे भरणे, बँकेत जाणारे कर्जप्रस्ताव तयार करणे हे आमचे काम. कोरोनाच्या साथीत, मार्च 2020 ते ऑगस्ट 2021 या काळात, कोणता धंदा तगला, कोणता बसला आणि का, हे वहीत लख्ख दिसते. आज निर्बंध नाहीत, रुग्णालयांवर ताण नाही. आदेशांचे मसुदे शांतपणे लिहायला हीच वेळ बरी, म्हणून हे पत्र.

दुकान बंद झाले म्हणून धंदा लगेच बुडत नाही. हातची रोकड संपली की बुडतो. ती किती दिवस पुरेल हे मालकाच्या हुशारीवर थोडे, आणि त्याच्या बांधील खर्चावर, अडकलेल्या उधारीवर व तुमच्या आदेशांच्या तारखांवर पुष्कळ ठरते.

तालुक्याच्या गावातले एक कापडदुकान धरा. भाडे 18,000, तीन नोकरांचे पगार 33,000, वीज-फोन 4,000, कर्जाचा हप्ता 14,000, घरखर्च 25,000. महिन्याला 94,000 रुपये, म्हणजे दिवसाला साधारण 3,130. गल्ल्यात आणि चालू खात्यात मिळून 1,20,000 असतील तर विक्री शून्य असताना 38 दिवस निघतात. हप्ता पुढे ढकलला तर 45. शिवाय जागामालकाने अर्धे भाडे सोडले तर जवळजवळ 51. त्यावर नोकर अर्ध्या पगारावर थांबायला कबूल झाले तर 66. आता याच दुकानाची गावात अडीच लाखांची उधारी आहे, त्यातले एक लाख वसूल झाले असे समजा. दिवस होतात 121.

ज्या हप्ता-सवलतीची सर्वांत जास्त चर्चा झाली तिने या दुकानाला 7 दिवस दिले. उधारीच्या वसुलीने 55. क्रम बदलून उधारी सगळ्यात आधी मोजली, तरी ती 32 दिवस देते. मुंबई-पुण्याकडच्या बाजारपेठा 2020 मध्ये सुमारे अडीच महिने बंद राहिल्या आणि 5 जूनपासून टप्प्याटप्प्याने उघडल्या. 45 दिवसांचे दुकान त्यात बुडते, 121 दिवसांचे पुन्हा उघडते. माल, जागा, गिऱ्हाईक सारखे असूनही शेजारच्या दोन दुकानांचे नशीब वेगळे का झाले, याचे उत्तर बहुतेक वेळा इथेच सापडते.

उधारी मात्र एकट्या दुकानदाराच्या हातात नसते. गिऱ्हाईक देत नाही म्हणून किरकोळ दुकानदार घाऊक व्यापाऱ्याला देत नाही, तो इचलकरंजी-भिवंडीच्या यंत्रमागवाल्याला देत नाही, आणि यंत्रमागवाला सुताला खळ देणाऱ्या सायझिंगवाल्याला. ही साखळी सुटायची तर ज्याच्याकडे पैसा आहे त्या टोकाकडून सुटली पाहिजे. ते टोक म्हणजे शासन, स्थानिक स्वराज्य संस्था आणि मोठ्या कंपन्या. म्हणून आमची पहिली आणि सर्वांत आग्रहाची मागणी अशी : आपत्ती जाहीर होताच सर्व शासकीय कार्यालये, जिल्हा परिषदा, नगरपालिका आणि महामंडळे यांनी सूक्ष्म व लघु पुरवठादारांची 5 लाखांपर्यंतची मंजूर बिले 15 दिवसांत चुकती करावीत. यासाठी नवा पैसा लागत नाही; देणे आधीच झालेले आहे. कोणत्या लेखाशीर्षातून, कोणाच्या सहीने आणि कोषागारात कोणत्या क्रमाने हे व्हायचे, ते आजच ठरवून ठेवता येईल. साथ आल्यावर लेखा शाखेत निम्मे कर्मचारी असतात आणि तेव्हा फाईल हलत नाही.

कायदा आहे, हे आम्हाला माहीत आहे. 2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियमानुसार लेखी करार असला तरी 45 दिवसांच्या आत पैसे द्यायचे असतात. करार नसेल तर माल स्वीकारल्यापासून 15 दिवसांत. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ व्याज. मे 2020 च्या अखेरीस बँक दर 4.25 टक्के होता, म्हणजे हे व्याज 12.75 टक्के. पण थकीत बिलांच्या तक्रारींसाठी असलेल्या समाधान पोर्टलवर तक्रार टाकणारा पुरवठादार त्या गिऱ्हाइकाचे पुढचे काम गमावण्याची भीती बाळगून असतो, आणि या तक्रारींचा निवाडा करणाऱ्या सुविधा परिषदेने 90 दिवसांत निकाल द्यायचा म्हटले तरी 38 दिवसांच्या रोकडीला 90 दिवस परवडत नाहीत. साथीच्या काळात तक्रारीची वाट न पाहता परिषदेनेच मोठ्या खरेदीदारांकडून थकीत देण्यांची यादी मागवावी. पुरवठादाराचे नाव पुढे येत नाही, दबाव मात्र येतो.

आता कर्जाचे. रिझर्व्ह बँकेने 27 मार्च 2020 रोजी तीन महिन्यांची हप्ता-स्थगिती दिली, पुढे ती 31 ऑगस्टपर्यंत वाढली. व्याज चालूच होते. 5 लाखांच्या कर्जावर 12 टक्क्यांनी सहा महिन्यांत सुमारे 30,000 रुपये चढले. नंतर व्याजावरचे व्याज परत मिळाले. या कर्जावर ती रक्कम 760 रुपयांच्या आसपास येते. ज्यांनी स्थगिती घेऊन ती रोकड माल उचलायला किंवा जुनी देणी मिटवायला वापरली त्यांना ती कामाला आली. ज्यांनी हप्ता माफ झाला असे समजून खर्च केली, त्यांची मुदत वाढली आणि ओझेही. बँकांच्या शाखांनी हा फरक कर्जदाराच्या भाषेत, आकड्यासह, एका कागदावर द्यायला हवा होता. आणखी एक महत्त्वाचे : तालुक्याच्या बाजारात कितीतरी दुकानदारांचे कर्ज पतसंस्थेचे असते. रिझर्व्ह बँकेचे आदेश पतसंस्थांना लागू होत नाहीत. त्या सहकार खात्याच्या अखत्यारीत येतात. म्हणजे हा निर्णय राज्याच्याच हातात आहे. त्याचा मसुदा सहकार आयुक्तालयात तयार असला पाहिजे, आणि पतसंस्थांनाही ठेवीदारांचे पैसे परत करायचे असतात हे धरून त्यांच्यासाठी तरलतेची (हाती रोकड राहण्याची) सोयही त्यातच असली पाहिजे.

मे 2020 ची आपत्कालीन पतहमी योजना चांगली होती. तारण नाही, प्रक्रिया शुल्क नाही, बँकांना शंभर टक्के हमी, व्याजाला 9.25 टक्क्यांची मर्यादा, चार वर्षांची मुदत आणि पहिले वर्ष फक्त व्याज. तिने हजारो धंदे वाचवले असे आमचे मत आहे. पण तिचा पाया होता 29 फेब्रुवारी 2020 रोजीची कर्जबाकी, आणि त्या कर्जबाकीच्या 20 टक्के रक्कम मिळायची. ज्याने कधी कर्जच काढले नव्हते त्याला शून्य. पतसंस्थेचे कर्ज असेल तरी शून्य. आणि ज्या व्यापाऱ्याची कॅश क्रेडिट (लागेल तसे उचलायचे आणि भरायचे बँककर्ज) मर्यादा 10 लाखांची, पण महिनाअखेरीस वसुली जमा करून बाकी 2 लाखांवर आणण्याची शिस्त, त्याला 40,000 रुपये. शेजारी मर्यादा पूर्ण वापरून बसलेला, त्याला 2 लाख. शिस्त पाळणाऱ्याला कमी मिळाले. योजना केंद्राची असली तरी पुढच्या वेळी राज्याने केंद्राला लेखी सुचवावे : आधार एका दिवसाच्या बाकीचा न धरता मंजूर मर्यादेचा किंवा मागील बारा महिन्यांच्या जीएसटी उलाढालीचा धरा. उलाढालीचा आधार धरला की कर्ज नसलेलाही आत येतो.

भविष्यनिर्वाह निधीच्या सवलतीतही असाच एक काटा होता. मार्च ते ऑगस्ट 2020 या महिन्यांची मालक-कामगार दोघांची मिळून 24 टक्के वर्गणी केंद्राने भरली. अट अशी की कामगार शंभरपर्यंत असावेत आणि त्यातल्या किमान 90 टक्क्यांचे वेतन 15,000 पेक्षा कमी असावे. 22 कामगारांच्या फाउंड्रीत (धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात) तीन अनुभवी मोल्डर (साचे करणारे कारागीर) 15,000 च्या वर गेले की प्रमाण 86 टक्क्यांवर येते आणि उरलेल्या 19 कमी पगारवाल्यांचीही सवलत जाते. सवलत कारखान्याला न देता कामगारागणिक दिली असती तर प्रश्नच आला नसता.

तारखांकडे येतो, कारण इथे पैसा न लागता सगळ्यात जास्त सुधारता येते. देशव्यापी टाळेबंदी 25 मार्च 2020 रोजी सुरू झाली. त्या दिवशी गुढीपाडवा होता. 2021 मध्ये पाडवा 13 एप्रिलला आला आणि 14 एप्रिलच्या रात्री 8 पासून संचारबंदीचे कडक निर्बंध लागले. कापड, भांडी, सोने, मंडप, आचारी, पत्रिका छापणारे यांची वर्षाची मोठी कमाई लग्नसराईत होते, आणि माल तीन महिने आधी, बहुधा उधारीवर, भरलेला असतो. सलग दोन लग्नसराया गेल्या. निर्बंध लावू नका असे आमचे म्हणणे नाही. माणसे मरत होती आणि निर्बंध लागणारच होते. म्हणणे एवढेच की जिल्हावार हंगामाचे वेळापत्रक तुमच्या टेबलावर हवे. पेणच्या गणेशमूर्तींचे उदाहरण घ्या. सार्वजनिक मूर्ती 4 फूट आणि घरगुती 2 फूट ही मर्यादा 2020 मध्ये जून-जुलैत आली, चतुर्थी 22 ऑगस्टला होती. पेणचे काम वर्षभर चालते. तोवर मोठ्या मूर्ती साच्यातून निघून सुकूनही झाल्या होत्या. हाच निर्णय मार्च-एप्रिलमध्ये कळला असता तर तेवढ्याच मातीत आणि मजुरीत लहान मूर्ती झाल्या असत्या. सोलापूरच्या गणवेश शिवणाऱ्यांचेही तसेच : शाळा जूनमध्ये उघडणार की नाही हे त्यांना कापड कापण्याआधी कळायला हवे. एकदा कापलेला गणवेशाचा तागा दुसऱ्या कशाला उपयोगी येत नाही.

काही धंदे बटण दाबून थांबत नाहीत. हे आदेश लिहिणाऱ्याला माहीत असणे फार गरजेचे आहे. यंत्रमागावर खळ दिलेल्या सुताचा बीम (मोठा रूळ) चढलेला असताना माग थांबला की खळ कोरडी पडून सूत तुटायला लागते, आणि पावसाळी हवेत त्यावर बुरशी येते. फाउंड्रीची इंडक्शन भट्टी थंड झाली की आतल्या सिलिकाच्या अस्तराला तडे जातात. पुन्हा अस्तर ठोकून हळूहळू तापवत आणावे लागते, आणि त्यात दिवस आणि माल दोन्ही जातात. ब्रॉयलर कोंबडी 40-42 दिवसांत विक्रीला येते, त्यानंतर ती रोज खाद्य खाते पण त्या प्रमाणात वजन वाढत नाही. फेब्रुवारी-मार्च 2020 मध्ये चिकनमधून विषाणू पसरतो या अफवेने भाव कोसळले तेव्हा शेड भरलेल्या होत्या आणि थांबायला जागाच नव्हती. अशा धंद्यांची यादी जिल्हा उद्योग केंद्राने आत्ताच करावी आणि आदेशात त्यांना आवरायला 48 ते 72 तास, ठरावीक माणसांच्या पासांसह, द्यावेत. चार माणसे दोन दिवस येऊन बीम उतरवतील, भट्टी रिकामी करून बेताने थंड करतील. त्याने संसर्गाचा धोका फारसा वाढत नाही आणि पुन्हा सुरू करण्याचा खर्च कमी होतो.

एप्रिल 2021 मध्ये औद्योगिक ऑक्सिजन रुग्णालयांकडे वळवला गेला, आणि तो वळवणे योग्यच होते. फॅब्रिकेशनची शेकडो छोटी वर्कशॉप मात्र गॅस कटिंगवर चालतात. ॲसिटिलिनऐवजी एलपीजी वापरली तरी ऑक्सिजन लागतोच, हे पुष्कळांना तेव्हा उमगले. ज्यांच्याकडे प्लाझ्मा कटिंगचे मशीन होते त्यांचे पातळ आणि मध्यम जाडीच्या पत्र्याचे काम चालू राहिले, कारण त्याला वीज आणि दाबाची हवा पुरते. दहा-बारा वर्कशॉपच्या वसाहतीत एक सामाईक प्लाझ्मा मशीन आणि कॉम्प्रेसर असावा, अशी सोय उद्योग विभागाच्या समूह विकास योजनेत सहज बसेल. हे साथ नसतानाही उपयोगाचे आहे.

वेळांचा प्रश्न. जून 2020 मध्ये रस्त्याच्या एका बाजूची दुकाने सम तारखेला आणि दुसऱ्या बाजूची विषम तारखेला, असा नियम होता. भाडे, पगार, हप्ता पूर्ण महिन्याचे आणि विक्रीचे दिवस निम्मे. शिवाय ग्रामीण गिऱ्हाईक आठवड्याच्या बाजाराला येते, तारीख बघून येत नाही. एप्रिल 2021 मध्ये किराणा दुकानांना सकाळी 7 ते 11 एवढाच वेळ होता. 240 मिनिटे, एक काउंटर, एका गिऱ्हाइकाला 5 मिनिटे. 48 गिऱ्हाइके झाली की दुकान बंद, आणि बाहेर रांग. ज्यांनी आदल्या संध्याकाळी व्हॉट्सॲपवर यादी घेऊन दुपारी माल बांधून ठेवला, त्यांना सकाळी फक्त पिशवी आणि पैसे यांची देवाणघेवाण करायची होती. दीड मिनिट धरले तर तेवढ्याच वेळात 160. घरपोच सेवेला वेगळी मुभा होती, ती ज्यांनी नीट वापरली त्यांची गिऱ्हाइके वाढली आणि नंतरही टिकली. पण एक घोटाळा त्यांनाही सुटला नाही : घाऊक बाजार आणि किरकोळ दुकान एकाच वेळी उघडे असले की दुकानदाराने माल आणायला जायचे कधी? घाऊक पेठ पहाटे किंवा दुपारी, किरकोळ सकाळ-संध्याकाळ, आणि माल उतरवायला दुकान बंद असतानाची वेळ, असे तीन स्वतंत्र तक्ते आदेशात असावेत. कमी तास दिले की गर्दी दाट होते. तास वाढवून आत शिरणाऱ्यांची संख्या बांधून द्या.

खानावळी आणि छोट्या हॉटेलांबद्दल थोडक्यात. पार्सल सुरू ठेवा म्हणणे सोपे असते. 200 रुपयांची थाळी घ्या : माल 80, डबा-पिशवी 12, ऑनलाइन कंपनीचे कमिशन 22 टक्क्यांनी 44. उरले 64, त्यात गॅस, पगार, भाडे. जे टिकले त्यांनी पदार्थ 40 वरून 10-12 वर आणले, मिसळीचा कट, उसळ आणि फरसाण वेगळे बांधले म्हणजे घरी पोचेपर्यंत फरसाण मऊ पडत नाही, आणि पाच किलोमीटरच्या आतली गिऱ्हाइके थेट फोनवर घेतली. कोकणातल्या आंबा बागायतदारांनीही एप्रिल-मे 2020 मध्ये हेच केले. पुण्या-मुंबईच्या गृहसंस्थांची एकत्र मागणी घेऊन पेट्या थेट पोचवल्या. एका ठिकाणी पन्नास पेट्या उतरल्या तरच टेम्पोचे भाडे परवडते, म्हणून गृहसंस्थेत उतरवण्याची परवानगी हा इथे कळीचा मुद्दा होता. तो प्रत्येक सोसायटीच्या मर्जीवर सोडू नये.

ऑगस्ट 2021 चा एक नियम आवर्जून तपासा. 15 ऑगस्टपासून हॉटेले रात्री 10 पर्यंत उघडायची, पण कर्मचाऱ्यांचे दोन्ही डोस झालेले आणि वर 14 दिवस उलटलेले हवेत. तेव्हा कोविशील्डच्या दोन डोसांत किमान 84 दिवसांचे अंतर होते. मागे मोजत गेले तर पहिला डोस 9 मेपर्यंत झालेला हवा. हॉटेलात वाढणारी मुले विशी-पंचविशीची. 18 ते 44 वयाचे लसीकरण राज्यात लसटंचाईमुळे 12 मेपासून थांबले आणि सर्वांसाठी मोफत लस 21 जूनला सुरू झाली. 25 जूनला पहिला डोस घेतलेला वाढपी 1 ऑक्टोबरला पात्र ठरत होता. नियम पाळण्याची इच्छा असूनही पाळता येत नव्हता, आणि दंडाची पावती मात्र फाडली जात होती. असा नियम काढण्याआधी कोणी तरी कॅलेंडर घेऊन बसावे. आरोग्यसेवकांच्या पाठोपाठ दुकाने, हॉटेले आणि वाहतूक यांतल्या माणसांना वयाची अट न लावता लस मिळावी, हेही त्यातच आले.

वापर नसला तरी मंजूर भारानुसार लागणारा विजेचा स्थिर आकार 2020 मध्ये तीन बिलांपुरता पुढे ढकलला गेला होता. ढकलला, माफ झाला नाही. त्यामुळे कारखाने सुरू होताना चालू बिल आणि मागची थकबाकी एकदम आली. बंद काळात मंजूर भार तात्पुरता कमी करून घेण्याची सोय एका अर्जावर, शुल्काशिवाय, आठ दिवसांत मिळाली तर शासनाला काही माफ करावे लागणार नाही.

आमच्या बाजूनेही काम आहे आणि ते आम्ही करू : चालू खाते आणि घराचे खाते वेगळे, उद्यम नोंदणी अद्ययावत, दरमहा उधारीची वयवार (किती दिवस थकली त्यानुसार) यादी, भाडेकरारात बंद काळातल्या भाड्याचे कलम, आणि किमान 60 दिवसांच्या बांधील खर्चाइतकी मुदत ठेव. महिना 94,000 खर्चाच्या दुकानाला ती 1,88,000 होते. एकदम शक्य नाही, पण महिना 5,000 बाजूला काढले तर सव्वातीन वर्षांत होते.

शेवटची मागणी रस्त्यावर बसणाऱ्यांची. एप्रिल 2021 मध्ये राज्याने अधिकृत फेरीवाल्यांना 1,500 रुपये दिले, केंद्राच्या स्वनिधी योजनेत 10,000 चे पहिले कर्ज होते. दोन्हींसाठी विक्रेता पालिकेच्या यादीत असावा लागे, नाहीतर शिफारसपत्रासाठी खेटे. 2014 च्या पथविक्रेता कायद्यात दर पाच वर्षांनी किमान एकदा सर्वेक्षण करणे बंधनकारक आहे. ज्या नगरपालिकांत ते रखडले आहे तिथल्या मुख्याधिकाऱ्यांकडून पूर्ततेची तारीख लेखी घ्यावी, आणि यादीत प्रत्येकाचे बँक खाते, आधार जोडणी आणि बसण्याची जागा तपासून घ्यावी. भाजीवाल्या मावशींच्या खात्यात पहिल्या आठवड्यात पैसे पोचणे किंवा न पोचणे या यादीवर ठरते.

आपले,
छोट्या उद्योगांचे हिशेब व कर्जप्रस्ताव तयार करणारे सल्लागार